गार इंजिनाची साक्ष

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर नथूआबांनी मला देवळाच्या पायरीपाशी बोलावलं आणि चारचौघांदेखत सुनावलं, "भामाबाई, काल वीस मिंटं, आज पस्तीस. लोक थंडीत गोधड्या पांघरून बसल्यात अन् बुवांचा पत्ता न्हाई. उद्या पुन्यांदा असं झालं तर गाडीची चावी सार्थककडं. मग तुमी मोकळ्या."

नथूआबा आमच्या कीर्तन मंडळाचे अध्यक्ष, राहायला तिथंच तिकोणा पेठेत. सार्थक त्यांचा पुतण्या. नुकतीच नवी गाडी घेतलेली, ती किल्ली बोटावर फिरवत तो मागेच उभा होता.

"गजर लावत जावा की मावशी," तो म्हणाला. "फोनमधी असतो. मी लावून देऊ का?"

लोक हसले. थट्टा दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते.

"मी चारला उठते सार्थक. तवा तू कुशी बदलत असतोस. गाडी खिंडीत मरती, कितींदा सांगितलं."

"खिंडीत मरती अन् लोनावळ्यात जित्ती व्हती? बुवांना इचारलं मी. बुवा म्हनले, गाडी झ्याक पळती."

बुवांचंही खरं होतं.

माझा दिवस कसा जायचा ते सांगते, म्हणजे ध्यानात येईल. मी पवनानगरची. सतरा वर्षं कामशेत-पवनानगर सीटवारी वडाप जीप चालवली, आणि गेली सहा वर्षं सखारामबुवांच्या मंडळाची गाडी चालवते. बुवा लोणावळ्याला राहतात. त्या हिवाळ्यात धरणाच्या कडेला बिबट्या दिसायला लागला, म्हणून तिकोणा पेठेनं रात्रीचं कीर्तन बंद करून सकाळी सातला ठेवलं होतं. म्हणजे मी सव्वापाचला पवनानगरहून निघायचं, दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याला जायचं, बुवांना, मृदंग आणि पेटीला गाडीत घ्यायचं आणि तीच खिंड उतरून सातच्या आत तिकोणा पेठेत यायचं.

गाडी मरायची ती जाताना, गार असताना, मी एकटी असताना. धरणाची सपाटी संपून चढ लागला की पिकअप नाहीसा. रेसवरचा पाय पार खाली दाबला तरी ढिम्म. दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं वर चढायची आणि मागे काळ्या धुराचा लोट. लोणावळ्याला पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं असायचं, आणि बुवा दारात मफलर गुंडाळून उभे. ते बसले की गाडी अशी पळायची, जशी काही झालंच नव्हतं. दुखणं फक्त मी बघितलेलं आणि साक्षीला कुणी नाही.

तरी मी गप्प बसले नव्हते. सप्ताहाआधीच्या पंधरवड्यात डिझेल फिल्टर बदलून झाला होता. हीटर प्लगही बदलले, पण सकाळी गाडी सुरू व्हायला कधी त्रास नव्हताच, त्यामुळे त्यांचा काही गुण आला नाही. डिझेलमध्ये भेसळ असेल म्हणून डिझेल भरायचा पंपही बदलून पाहिला. लोणावळ्याच्या अब्दुलभाईंच्या गॅरेजला तीनदा गाडी नेली. तिन्ही वेळा भर दुपारी. तिन्ही वेळा त्यांनी रेल्वे पुलापर्यंत चक्कर मारली आणि हात पुसत म्हणाले, "टणटणीत आहे."

आता चावी जाणार म्हणजे नुसती चावी जाणार नव्हती. बुवा जिथं उभे राहतील तिथं गाडीवाली म्हणून मला जागा. खांबाला टेकून, मृदंगाच्या डाव्या बाजूला, हातात टाळ. मागच्या हिवाळ्यात मी अशी सदतीस कीर्तनं ऐकली. पूर्वरंगात बुवा हळूच एक पद धरतात, मग टाळकरी उचलतात, मग बुवा ते सोडून भलतीकडेच जातात, आणि आपल्याला वाटतं आता काही हे परत येत नाहीत. तेवढ्यात येऊन नेमके त्याच शब्दावर टेकतात. त्या एका टेकण्यासाठी मी चारला उठते. चावी गेल्यावर गावोगाव मला कोण नेणार होतं? आणि झोपाळू म्हणून काढलेल्या बाईला कोण बोलावणार होतं?

बुवांना घरी सोडून मी तशीच अब्दुलभाईंकडे गेले.

"पुन्हा आलात?" ते एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसले होते. "भामाबाई, तुमच्या गाडीचं म्हणजे आमच्या मेहरुनच्या लहानपणासारखं आहे. घरी ताप, दवाखान्यात गेलं की उड्या."

"म्हणून तर आले. दवाखानाच घरी न्यायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या सव्वापाचला माझ्याशेजारी बसायचं. पवनानगरपासून. गार गाडीत."

"सव्वापाच!" त्यांनी स्कूटरच्या पोटातून हात काढला. "बाई, माझं वय बघा. खिंडीत दात वाजतात. आणि टर्बो गेला असेल तर गेला असेल, एवढी जुनी गाडी."

"टर्बो गेला असता तर दुपारी कसा परत आला? टर्बो काय माहेरी जातो का?"

ते हसले, पण हलले नाहीत. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. "मेहरुनकडं आज पवनेचा मासा आलाय. सकाळी तिच्या दीरानं जाळं ओढलं ते मी बघितलंय. ती म्हणत होती, अब्बा दोन महिन्यांत आले नाहीत."

मेहरुन त्यांची लेक, माझ्या घरापासून चार दारं पलीकडे दिलेली. अब्दुलभाईंनी स्कूटरवर फडकं टाकलं.

"तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि आत पाने-पकडी गोळा करायला गेले.

*

सकाळी धरणावर धुकं इतकं होतं की पाणी कुठं आणि रस्ता कुठं ते माहीत असणाऱ्यालाच कळावं. बॉनेटवरचं दव मी फडक्यानंसुद्धा पुसू दिलं नाही. अब्दुलभाई कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर मेहरुनची शाल अशा थाटात बसले, मांडीवर हत्यारांची पिशवी. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली.

"सुरुवात चांगली आहे," ते म्हणाले.

"थांबा. चढ येऊ द्या."

चढ आला. पहिल्या वळणापर्यंत गाडी नीट चढली, आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे गाडी बिघडू दे म्हणून मागणं मागितलं. दुसऱ्या वळणावर त्यानं ऐकलं. रेस पार खाली दाबलेली आणि काटा जागचा हलेना. आरशात काळा धूर.

"बघा!" मी ओरडले. "बघा, आता सांगा टणटणीत!"

"ओरडू नका, ऐकू द्या." त्यांनी खिडकीची काच खाली केली, मफलर कानावरून सरकवला आणि डोकं बाहेर काढलं. थोड्या वेळानं आत घेतलं. "काहीतरी फुसफुसतंय."

"ते मी पंधरा दिवस ऐकतेय. गेल्या वर्षी आमच्या पेटीचा भाता उसवला होता, तेव्हा अस्साच आवाज. स्वर सगळे जागेवर, बोटं जागेवर, पण वारा मध्येच निसटायचा. पेटी नुसती कण्हायची."

अब्दुलभाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कीर्तनं कमी ऐका."

त्यांनी डोकं पुन्हा खिडकीबाहेर काढलं. मग म्हणाले, "थांबवा गाडी. इथंच. आत्ता गार आहे तोवर बघायचं. तापली की चोर पळाला."

पावणेसहा झाले होते. इथंच ठरवायचं होतं. मी रोजच्यासारखी गाडी रेटत नेली असती तर वीस-पंचवीस मिनिटं उशीर करून का होईना, बुवांना घेऊन सप्ताहात पोचले असते. आबा रागावले असते, कदाचित बुवांनी मध्ये पडून अजून एक दिवस मिळवून दिला असता. आणि थांबले, तर बुवांना आणायला कुणीतरी दुसरं जायला हवं होतं. त्या दुसऱ्याचं नाव मला ठाऊक होतं.

मी हँडब्रेक ओढला. उतरून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. खिंडीत फोनला रेंज असते. मी आबांना फोन लावला.

"आबा, भामाबाई बोलतीया. सार्थकला लोनावळ्याला धाडा, बुवांना आनायला. आत्ता निघाला तर येळंत यील."

"का? उठला न्हाईत व्हय आजबी?"

"मी खिंडीत हाय. गाडी मेलीया. या वक्ताला मला तिला तापू द्यायची न्हाई."

"चावी सार्थककडं म्हनलं व्हतं मी," आबा म्हणाले.

"म्हनला व्हता. कीर्तन सातला लागलं पायजे, म्हनून सांगितलं. चावीचं मागनं बोलू." मी फोन ठेवला.

पूर्वेला फटफटायला लागलं होतं. अब्दुलभाईंनी घड्याळ बघितलं, गाडीतून प्यायच्या पाण्याची बाटली घेतली, कडेला बसून नमाजाआधीचा वजू केला आणि मेहरुनची शाल रस्त्याच्या कडेच्या गवतावर अंथरली. तेवढी पाच मिनिटं मी बॉनेटपाशी उभी राहून मनात नामस्मरण केलं. खिंडीतून वारा येत होता आणि आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलेलो.

मग ते उठले, शाल झटकली आणि एकदम दुसरेच झाले. टॉर्च दातात धरून बॉनेटमध्ये शिरले. आधी टर्बोचा पाइप सोडून त्यांनी आत बोट घातलं आणि आतली पाकळी हलवून पाहिली. "मस्त फिरतेय. टर्बो जिवंत आहे." पाइप परत बसवला. मग बाटलीत साबणाचं पाणी केलं, जसं पंक्चरवाला करतो, आणि टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर ओतलं.

"बसा आत. हँडब्रेक तसाच. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच अर्धा सोडा आणि रेस द्या. गाडीला वाटलं पाहिजे की ती चढतेय."

"अन् सुटली म्हंजे? तुमी पुढं उभे."

"मग मेहरुनला सांगा, मासा चांगला झाला होता."

मी क्लच अर्धा सोडला. गाडी दावं ताणणाऱ्या जनावरासारखी पुढे जोर करायला लागली, दगडांवर मागची चाकं कुरकुरली. दोन सेकंद, तीन, चार. क्लचचा जळका वास आला.

"बस! बस! मिळाला! या इकडं, लवकर!"

मी धावत गेले. पाइप जिथं खालच्या बाजूनं क्लिपमध्ये शिरत होता, तिथं साबणाचा फेस दुधासारखा उतू गेला होता. फेस पुसल्यावर टॉर्चच्या उजेडात बोटाच्या पेराएवढी फट दिसली.

"टर्बो हवा दाबून इंजिनात घालतो," अब्दुलभाई म्हणाले. "ती दाबलेली हवा इथून बाहेर. डिझेल मात्र पूर्ण येतंय. मग हवा कमी, डिझेल जास्त. काळा धूर आणि ताकद नाही. तापल्यावर रबर फुगतं आणि फट मिटते. मग तुम्ही माझ्याकडं दुपारी येता आणि मी म्हणतो टणटणीत." त्यांनी पाइपचं टोक दोन बोटांत चेपलं. रबर काजूच्या बोंडासारखं लिबलिबीत झालं होतं आणि बोटांना काळं चिकटलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी आणली. "हे काय आहे?"

वास मी ओळखला.

आमच्याकडे पाऊस चार महिने उभा असतो, गाड्यांचे पत्रे पापडासारखे खाऊन टाकतो. म्हणून मृगाच्या आधी जो तो गाडी उताराला लावून खालून जळकं ऑइल मारतो. इंजिनातून काढलेलं काळं तेल, थोडं डिझेल, जुना ब्रश. वडाप चालवायला लागल्यापासून मी हे दरवर्षी करते. आणि मंडळाच्या गाडीवर तर माझा जीव, म्हणून गेल्या ज्येष्ठात मी खालून दोन हात मारले आणि उरलेलं बॉनेटच्या आतसुद्धा, कानाकोपऱ्यात, पाइपांना, सगळीकडे. कसर नको म्हणून.

"तेल रबराला खातं," अब्दुलभाई शांतपणे म्हणाले. "पत्रा वाचला. पाइप मेला."

"म्हंजी मीच."

"तुम्हीच. प्रेमानं मारलात."

मी बंपरवर बसले. पंधरा दिवस मी दोष शोधत फिरले, दोन दिवस गावाशी भांडले, आणि चोर माझ्याच ब्रशातून आलेला. डोळ्यांत पाणी आलं ते मी येऊ दिलं. मग खालून दिवे वर येताना दिसले.

सार्थकनं गाडी आमच्याशेजारी हळू केली, काच अर्धी खाली घेतली. "काय मावशी, हवा खायला थांबलाय? का डुलकी लागली?"

"बुवांना आण. नीट आण. वळणावर दव हाय," मी म्हटलं.

तो गेला. मी उठले. "अब्दुलभाई, आता?"

"आता कापायचं." त्यांनी पाइपचं कुजलेलं टोक चाकूनं दोन बोटं कापून टाकलं, उरलेला चांगला भाग ओढून बसवला, वरून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि एकाऐवजी दोन क्लिपा आवळल्या. "हा सप्ताह निघेल. नवा पाइप पुण्याहून मागवतो."

स्क्रू ड्रायव्हर पिशवीत जातोय तोवर सार्थकची गाडी वरून परत आली. मागच्या दारातून बुवा उतरले. अंगावर शुभ्र उपरणं, पायांत मोजे. सार्थक आतून "बुवा, उशीर हुतोय" म्हणत होता.

"सापडलं?" बुवांनी विचारलं.

"सापडलं, बुवा."

"मग मी तुझ्याच गाडीत येतो. चल." ते खरोखर दार उघडायला लागले.

माझ्या मनात आलं, बसू दे. गावासमोर मी बुवांना घेऊन उतरले की कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. पण ते खोटं झालं असतं.

"नको बुवा. हिनं आता रेस खाल्लीया, इंजिन कोमट झालंय. कोमट गाडी रोजच पळती. तिच्या पळण्यानं माझं काय खरं व्हनार न्हाई. तुमी सार्थकबरूबर जावा, सातला उभे राहा. मी उद्या गार गाडीवर बोलंन."

बुवांनी उघडलेलं दार लोटलं. "हट्टी आहेस," म्हणाले आणि परत जाऊन बसले. मला ते आवडलं असावं, कारण परतताना मी सगळा उतारभर गुणगुणत होते. अब्दुलभाईंनी कानटोपी खाली ओढून घेतली.

*

कीर्तन सातला लागलं. मी पोचले तेव्हा पूर्वरंग अर्धा झाला होता आणि माझ्या खांबाला सार्थक टेकून उभा होता, फोन बघत. मी मागे बायकांत बसले. टाळ हातात होते पण वाजवले नाहीत. बुवा त्या दिवशी विहिरीचं सांगत होते: झरा वर्षभर असतो, पण गाळ साचला की लोक म्हणतात विहीर आटली, आत उतरायची तयारी फार थोड्यांची. सगळं ठरल्या पदावर येऊन टेकलं तेव्हा माझ्या तोंडून "आहाहा" गेलं आणि शेजारची मुक्ताबाई म्हणाली, "हळू गं, बिबट्या आला वाटंल."

पंगतीला मी वाढायला उभी राहिले. वरणाची बादली घेऊन आबांच्या पानापाशी आले आणि तिथंच थांबले.

"आबा, बिघाड घावला. पाइपाला फट व्हती. अन् ती फट माझ्यामुळं पडली. जळकं ऑइल मी मारलं, आतूनबी मारलं. रबर खाल्लं त्यानं."

सार्थक लगेच म्हणाला, "म्हंजी चूक मावशीचीच!"

"व्हय. माझीच. कुनाची न्हाई."

"मग ठरलंच की," आबा म्हणाले. ते भातात बोट फिरवत होते, वर बघत नव्हते. "चूक तुमी सोता कबूल करताय."

"काय ठरलं?" माझा आवाज चढला, बादली हातात तशीच. "दोन दिस तुमी मला झोपाळू म्हनलात. देवळाच्या पायरीवर, माणसांत. मी चारला उठून खिंडीत धूर खात व्हते, अन् तुमी हसत व्हता. चूक केली तिची शिक्षा द्या, खुशाल द्या. नवा पाइप बसंस्तोवर गाडी धुवायला लावा, पंगतीची भांडी लावा. पन झोपंची शिक्षा मी घेनार न्हाई. ती मी केली न्हाई."

"बाई, वरान गार हुतंय," मुक्ताबाई मागून म्हणाली.

"हू दे. अन् मला एक सांगा, हितं कुनी कुनी औंदा गाडीला जळकं ऑइल मारलं?"

मग एकानं हात वर केला. मग त्याच्याशेजारच्यानं. दुधाचा टेम्पोवाला, दोन जीपवाले, ट्रॅक्टरवाला. उष्टे हात, बोटांना भात लागलेला.

"आबा, तुमच्या जीपला तर मीच मारलं. तुमी म्हनलात, भामाबाईचा हात सढळ हाय."

आता लोक हसले, पण वेगळं हसले. आबांच्या मिशा थोड्या हलल्या. सार्थक म्हणाला, "ते समदं ठीक हाय. पन दुरुस्त झालं कशावरनं? तापल्यावर ती तशीबी पळतीच, हे मावशीच म्हनती."

"बराबर बोलला," मी म्हटलं. "म्हनून आज गाडी हितंच ऱ्हाईल, देवळाम्होरं, उघड्यावर. चावी आबांकडं. पहाटं आबा सोता माझ्याशेजारी बसत्याल. चढाला मेली, तर मी खिंडीतच उतरंन अन् चालत घरी जाईन. पुन्यांदा चावी मागायला येनार न्हाई."

आबांनी पान सरकवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "वाढा वरान," ते म्हणाले. "पाचला येतो."

*

मी देवळाच्या ओवरीत गोधडी घेऊन झोपले. पहाटे उठले तर गाडीवर दवाचा पांढरा थर, काचेवर बोटानं नाव लिहावं इतका. सार्थक आधीच आलेला. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गार?" मी विचारलं.

"गार," त्याला म्हणावं लागलं.

आबांनी चावी दिली. दोघंही बसले, सार्थक मागे. अब्दुलभाईंना मी बोलावलं नव्हतं. त्यांचं काम झालं होतं, आणि त्यांच्यामागे लपायचं नव्हतं. गाडी सुरू झाली. गाव संपलं, धरण संपलं. आबा एका हातानं दाराची कडी धरून समोर बघत होते, जणू चढ त्यांनाच चढायचा होता. ट्यूबची पट्टी, दोन क्लिपा आणि कापून आखूड झालेला पाइप. यापलीकडे माझ्या बाजूनं काहीच नव्हतं.

पहिलं वळण गेलं.

दुसरं वळण आलं. मी पाय दाबला. एक क्षण इंजिन तसंच राहिलं, आणि मला वाटलं संपलं. मग खालून तो जोर आला, पाठीला सीट लागली. मृदंगावर थाप पडताच टाळ उठावेत तसा. तिसरा गिअर पडला आणि टिकला. आरशात बघितलं, मागे नुसतं धुकं. पुढे दुधाचा टेम्पो रखडत होता, त्याला मी वळणाआधीच मागे टाकलं.

"हळू, बाई, हळू!" आबा ओरडले.

"आबा, दोन दिस उशिराचं बोललात. आता बेगीचं बोलू नका."

मागून सार्थक खुदकन हसला आणि लगेच खोकला. खिंडीच्या माथ्यावर धुकं खाली राहिलं आणि समोर पहाटेचं निवळलेलं आभाळ आलं. आबांनी दाराची कडी सोडली, मफलर सैल केला, घड्याळ बघितलं. मग बाहेर बघतच, माझ्याशी नव्हे तर खिडकीशी बोलल्यासारखं म्हणाले, "आंबी गावचा सप्ताह म्होरल्या आइतवारी बसतोय. कितीला निघावं लागंल?"

"साडेचारला."

"मी बी येईन म्हनतो."

"या की. पन दारात उभे ऱ्हावा. मी हॉर्न मारत बसनार न्हाई."

मी चौथा गिअर टाकला. लोणावळ्याला बुवा मफलर गुंडाळून दारात यायच्या आधीच आम्ही त्यांच्या अंगणात होतो.